मायेच्या ढोलीचे लिंपण

त्या रानात पक्षी जास्त होते आणि ढोल्या कमी.

धनेशांच्या त्या राज्यात घर म्हणजे ढोली. ढोलीत राहणारा तो रहिवासी, फांदीवर झोपणारा तो वाटसरू, मग त्याचा जन्म त्याच झाडावर का झालेला असेना. धनेशाला ढोली कोरता येत नाही. जुन्या झाडांना ती काळाने पडते आणि जो आधी पोहोचतो तो ती धरतो. आधी पोहोचणाऱ्यांची घराणी त्या रानात ठरलेली होती. ओढ्याकाठच्या सगळ्या कोरड्या, उंच, पाठीमागून भक्कम ढोल्या त्यांच्याकडे होत्या. काहींकडे दोन, काहींकडे त्याहून जास्त. रिकाम्या ढोलीच्या तोंडात वाळक्या पानांचा झुबका खोचला की ती राखलेली आहे असे समजायचे. सगळे तसे समजत.

ढोलीची एक रीत होती. अंडी घालायची वेळ आली की मादी आत जाई आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेई. चोच बाहेर येईल एवढी फट राही. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लांना भरवी. फळ घेऊन येणाऱ्याने चोचभर ओली मातीही आणावी आणि लिंपणाला कुठे चीर गेली असेल तर बुजवावी, असा शिरस्ता होता. नुसते फळ देऊन उडणाऱ्या बापाला शेजारी नावे ठेवत. पिल्लांचे पंख भरले की आई आतून लिंपण फोडी. जिने लिंपले तिने फोडायचे, यावर कधी वाद झाला नव्हता. बाहेरून लिंपणाला तोंड लावणारी दोनच नावे रानाला माहीत होती: चोर आणि घोरपड.

मग वावटळीचे वर्ष आले. झाडे मुळासकट आडवी झाली, आया आतल्या आत दबल्या, फळे आणायला गेलेले बाप परत आले नाहीत. वारा थांबला तेव्हा पालापाचोळ्यात चार पिल्ले ओरडत होती.

रान धावले. हे मान्य करायलाच हवे, कारण पुढचे सगळे त्या धावण्यातूनच झाले. टोपाजीराव हे त्या रानातले, चोचीवर सर्वांत मोठे शिंग असलेले धनेश. त्यांनी आपल्या ढोल्यांपैकी एक त्या पोरक्या पिल्लांना दिली. ती दरीच्या कडेला बेहड्याच्या झाडावर होती, मागच्या अंगाने ओलसर होती आणि तिथे त्यांच्या घरातले कोणी कधी एक दिवसही राहिले नव्हते; पण दिली ती दिली. त्यांच्या पत्नी माणिकबाईंनी पिल्लांना एकेक करून चोचीत धरून आत ठेवले. आत आई नव्हती, म्हणून लिंपण बाहेरून केले. रानात असे पहिल्यांदाच घडत होते. लगेच दुसऱ्या दिवशी घोरपड बेहड्यावर चढली, लिंपण नखांनी ओरबाडले आणि हात हलवत खाली गेली. त्या लिंपणाने चौघांचे प्राण वाचवले. त्याला कोणी नावे ठेवू शकत नाही.

ढोलीला नाव पडले मायेची ढोली.

सकाळी सगळे रान तिकडे वळू लागले. ढोलीसमोर एक आडवी फांदी होती. बसणाऱ्यांच्या पायांनी तिची साल गेली आणि ती गुळगुळीत झाली. तिला देण्याची फांदी म्हणत. प्रत्येक जण उंबर आणी, नांदरुकाची फळे आणी, फटीतून आत सोडी आणि शिरस्त्याप्रमाणे चोचभर माती लिंपणाला लावी. माती ओली असताना तिच्यावर चोच टेकली की ठसा उठतो. पहिल्यांदा तो कोणाचा तरी चुकून उठला. नंतर तो उठावा म्हणून चोच जरा जास्त वेळ टेकली जाऊ लागली. चोचीचा बाक प्रत्येक घराण्याचा वेगळा, त्यामुळे कोणी दिले हे लांबूनही कळे. फटीच्या अगदी काठाला टोपाजीरावांचा ठसा होता. त्याच्याजवळची जागा मिळावी म्हणून काही जण उजाडायच्या आधीपासून फांदी धरून बसत.

चीर कुठे आहे हे पाहायची गरज उरली नाही. मातीवर माती चढत गेली.

फट आखडली तेव्हा मोठी उंबरे आत जाईनाशी झाली. मग लहान फळे आणायची असे ठरले. सोयही झाली; लहान फळे खालच्या फांद्यांवर असतात.

पिल्लांना एक गोष्ट शिकवली होती. फळ मिळाले की चोच फटीतून बाहेर काढायची आणि वरची खालची आपटून आवाज करायचा. खट. दोनदा केला तर देणाऱ्याला जास्त बरे वाटे. खट न करणाऱ्याला फळ मिळत नसे असे नाही; जरा उशिरा मिळे. पिल्लांच्या चोचींची टोके सगळ्या रानाला ठाऊक झाली होती. लिंपण झाल्यापासून पिल्ले मात्र कोणी पाहिली नव्हती.

दुपारी देण्याची फांदी ओस पडे. तेव्हा ढवळी येई. वावटळीत तिचा नर गेला होता आणि ढोलीही गेली होती. ती काटेसावरीच्या फांदीवर झोपे, म्हणजे रानाच्या हिशेबात वाटसरूच. चौघांत थोरली होती पोवळी, ती तिच्या बहिणीची मुलगी.

"आलीस मावशी?" फटीतून चोच दिसे.

"आले गं. आज काय दिलं?"

"बोरांएवढी नांदरुकं. आणि मातीचा वास. मावशी, माझी शेपटी आता पाठीला लागलीय."

"पंख पसरून बघ ना."

"कुठे पसरू? एक पसरला की टिचकूच्या डोळ्यात जातो. तो बोंबलतो मग."

"मी नाही बोंबलत!" आतून सगळ्यांत धाकटा टिचकू ओरडला. "मी फक्त सांगतो!"

"आणि मुंग्या येतात," पोवळी म्हणाली. "मागच्या भिंतीतून. लाकूड पिकलेल्या उंबरासारखं मऊ झालंय. टिचकू दिवसभर उकरत बसतो तिथे."

"मजा येते," टिचकू म्हणाला.

इतर ढोल्यांमधली त्या वर्षाची पिल्ले आयांबरोबर बाहेर पडली होती. वाकडीतिकडी का होईना, एका झाडावरून दुसऱ्यावर जात होती. धनेशाची पिसे भरण्याचे दिवस मोजके असतात. त्या दिवसांत पंख उघडले नाहीत तर पिसे दुमडलेली वाळतात, आणि दुमडून वाळलेला पंख आयुष्यभर पंखासारखा दिसतो, एवढेच.

"पोवळे, पाहुणे येणार आहेत परवा," ढवळी म्हणाली. "सगळे असतील. त्यांच्यासमोर सांग."

"काय सांगू?"

"जे मला सांगतेस तेच."

डोंगरापलीकडच्या रानातले पाहुणे आले तेव्हा बेहड्याच्या आसपास बसायला जागा नव्हती. टोपाजीराव स्वतः माहिती देत होते. माती कुठल्या डोहाची, फळे कुठल्या कुठल्या झाडांची, घोरपड कशी हात हलवत गेली. पाहुण्यांनी लिंपणाला चोच लावून पाहिली. दगडासारखे होते.

"आणि मोठी झाली की?" पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या मादीने विचारले.

"मोठी झाली की काय?"

"नाही, कुठे जातात पुढे?"

टोपाजीराव फटीकडे वळले. "इथे कोणाला काही कमी पडत नाही," ते म्हणाले. "चला, भरवू या."

माणिकबाईंनी निवडून आणलेले उंबर फटीसमोर धरले. पोवळीच्या चोचीचे टोक बाहेर आले. फांदीवरचे सगळे पुढे वाकले.

"खट कर बाळा," माणिकबाई म्हणाल्या.

चोच हलली नाही.

"खट कर ना. पाहुणे आलेत."

"माणिकआजी," आतून आवाज आला, "मला बाहेर यायचंय. माझे पंख भरलेत. आता नाही आले तर ते कधीच उघडायचे नाहीत."

माणिकबाईंचे डोळे भरून आले. त्या खरोखर मायाळू होत्या. त्या दिवशी त्यांनी स्वतः काही खाल्ले नव्हते.

"ऐकलंत?" त्या पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या. "उपाशी आहे हो बिचारी. भुकेनं काहीबाही बोलते." आणि त्यांनी उंबर आत ढकलले, त्याच्यामागे आणखी एक, त्याच्यामागे आणखी एक, पोवळीची चोच बंद होईपर्यंत.

पाहुणे गहिवरून गेले. जाताना प्रत्येकाने माती लावली.

संध्याकाळी नांदरुकावर सभा भरली. ढवळीला बोलावून घेतले होते.

"ढवळे," टोपाजीराव म्हणाले, "पोरांच्या डोक्यात काय भरवतेस तू?"

"मी काही भरवत नाही. भरवता तुम्ही."

"तोंड सांभाळून बोल. परक्या रानासमोर आपली लाज गेली."

"पोवळीचा पंख जाईल त्याचं काय? लिंपण फोडा."

एकदम गलका झाला. टोपाजीरावांनी शिंग फांदीवर आपटून तो थांबवला. "फोडायचं? कोणी? तिची आई आहे का?"

"मी मावशी आहे."

"माय मरो पण मावशी उरो!" मागून कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.

"हसू नका रे," एक तरुण नर चिडून उठला. "माझा ठसा परवाच लागलाय, अजून नीट वाळलाही नाही. फोडा म्हणे! आम्ही देतो ते काय फोडायला?"

"बरं, फोडलं समज," टोपाजीराव शांतपणे म्हणाले. शांत झाले की ते जास्त अवघड होत. "पोरगी बाहेर आली. झोपणार कुठे? तुझ्याकडे ढोली आहे?"

"नाही."

"मग?"

"तुमच्याकडे आहेत. ओढ्यावरच्या तिन्ही रिकाम्या आहेत. पानं खोचून ठेवलीत."

हशा कुठल्या कुठे गेला. ज्यांच्या ढोल्यांना झुबके होते ते पंखांत चोच घालून काहीतरी शोधू लागले.

"त्या नातवंडांसाठी आहेत," टोपाजीराव म्हणाले.

"कुठायत नातवंडं?"

"होतील."

माणिकबाई मध्ये पडल्या. "अगं ढवळे, तुला कळत कसं नाही? बाहेर काय आहे? घोरपडी, ससाणे, उघड्यावरचा पाऊस. तू स्वतः बघतेस ना काट्यांवर झोपून? आत निदान वारा लागत नाही त्यांना. एवढं सगळ्यांनी जीव लावून केलं आणि तू त्याला भोक पाडायचं म्हणतेस."

"मागून आधीच पडतंय," ढवळी म्हणाली. "मागचं लाकूड कुजलंय. मुंग्या येतात."

हे ऐकून मात्र सभेला बरे वाटले. अखेर काहीतरी देण्यासारखे सापडले होते. पोरांना मुंग्यांचा त्रास होतो, असे टोपाजीरावांनी सर्वांना पुन्हा सांगितले, आणि लिंपणावर आणखी एक जाड थर द्यावा असे एकमताने ठरले. मागे जाऊन पाहायचे कोणाला सुचले नाही. मागे दरी होती, बसायला फांदी नव्हती, आणि तिथे कोणी काही केले असते तरी ते दिसले नसते.

थर दिला. फट आता करंगळीएवढी राहिली. दुपारी ढवळीला पोवळीची चोच दिसेना, नुसता आवाज येई, तोही मातीतून आल्यासारखा.

"मावशी, आज डावा पंख थोडाही हलला नाही."

"उद्या हलव. रोज हलव. जेवढा हलेल तेवढा."

"तू फोड ना."

ढवळीने इकडेतिकडे पाहिले. मग लिंपणावर चोच मारली. आवाज सगळ्या रानात गेला. शेजारच्या झाडावरून तिघे जण उडून आले आणि तिच्यासमोर बसले. तिची चोच पुन्हा लिंपणापर्यंत पोहोचू दिली नाही. त्या दिवसापासून दुपारीही देण्याच्या फांदीवर पहारा राहू लागला. पोरांच्या सुरक्षेसाठी.

उन्हाळा उताराला लागला होता. गवत इतके वाळले होते की वाऱ्याने एकमेकांवर घासले तरी कुरकुरे. आणि मग एका दुपारी दरीच्या खालच्या उतारावरून पांढरा धूर सरळ वर निघाला.

वणवा पाहिला की धनेश उडतो. त्या दिवशी ते उडाले, पण पळून जाण्यासाठी नाही. हेही मान्य करायला हवे. सगळे रान मायेच्या ढोलीकडे आले. धूर झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोहोचला होता, खाली गवत तडतडत होते आणि लाल रेघ चढणीने वर सरकत होती.

"माती!" टोपाजीराव ओरडले. "डोहावर जा, माती आणा! ढोलीला आच लागता कामा नये!"

डोहापासून बेहड्यापर्यंत पक्ष्यांची रांग लागली. चोची भरून माती येत होती, लिंपणावर थापली जात होती, पुन्हा डोह. म्हातारे आले, या वर्षी उडायला लागलेली पिल्ले आली. ज्यांचे एकमेकांशी बोलणे नव्हते ते शेजारी शेजारी थापत होते. इतक्या घाईतही चोच टेकायला कोणी विसरत नव्हते. चोचीला लागलेली सवय धुराने सुटत नाही.

आतून ओरडणे ऐकू येत होते. चौघे एकदम ओरडत होते, त्यामुळे शब्द कळत नव्हते.

"धूर जातोय आत!" माणिकबाई रडत म्हणाल्या. "घुसमटतील लेकरं! फट बुजवा, आधी फट बुजवा!"

आणि त्यांनी स्वतःच्या चोचीतली माती फटीत कोंबली. आतून एक चोच जोराने पुढे आली, ओल्या मातीत टोक दिसले, हलले. माणिकबाईंनी त्याच्यावर आणखी माती दाबली. टोक आत गेले.

ढवळी त्याच वेळी पोहोचली. तिने पंख मिटून लिंपणावर झेप घेतली आणि घाव घालू लागली. ओला थर उडाला, त्याखालचा वाळका थर लागला, त्याखाली आणखी वाळका. टोपाजीरावांचा ठसा मधोमध दुभंगला.

"ए! काय करतेस!"

"बाजूला व्हा! मरतील ती आत!"

"आग बाहेर आहे आणि तू भिंत फोडतेस? डोकं फिरलंय का तुझं?"

"चोर!" तो तरुण नर ओरडला. "घोरपड आहे ही घोरपड!"

तिघाचौघांनी तिची शेपटी धरली. ती सोडेना. एक घाव, आणखी एक, आणि मग कड्‌कन आवाज झाला. लिंपण नव्हते फुटले. तिच्या चोचीचे टोक तुटून खाली धुरात गेले. त्यांनी तिला फांदीवरून ढकलले. तिने पाडलेल्या खड्ड्यात लगेच माती भरली गेली.

आच आता सहन होण्यापलीकडे गेली होती. देण्याच्या फांदीची पाने करपून गळू लागली. टोपाजीरावांनी लिंपणावरून शेवटची नजर फिरवली. कुठे चीर नव्हती, फट नव्हती.

"आता आत वारासुद्धा जाणार नाही," ते म्हणाले. "चला."

सगळे वरच्या कड्यावर गेले आणि तिथून पाहत राहिले. कड्यावरून बेहड्याचा दर्शनी भाग दिसे.

ढवळी खाली पडली नव्हती. ती झाडाला वळसा घालून दरीच्या बाजूला गेली. बसायला खरेच काही नव्हते. तिने नखे सालीत रोवली आणि पंख फडफडवत लोंबकळत राहिली. धनेश सुतारपक्ष्यासारखा खोडाला चिकटत नाही. दर दोन घावांमागे ती निसटे आणि पुन्हा येई. तुटक्या चोचीने सालीचा एक तुकडा निघाला. आत मऊ, काळे लाकूड होते.

"पोवळे!" ती ओरडली. "मुंग्या कुठून येतात? तिथे मार! पोवळे!"

आतून काही आले नाही.

"टिचकू! उकर रे! उकर बाळा, मजा येते ना? उकर!"

खालून आगीचा आवाज इतका मोठा होता की तिला वाटले आपण ऐकले तो भास असेल. मग पुन्हा आला. आतून, तिच्या पायांच्या थोडे वर, कोणीतरी खरवडत होते.

ती त्या जागेवर तुटून पडली. आतून आणि बाहेरून. लाकडाचा भुगा, मुंग्या, मुंग्यांची अंडी, पुन्हा भुगा. मग एक छिद्र पडले आणि त्यातून धुराची बारीक रेघ बाहेर आली, आणि रेघेमागे टिचकूची चोच. ढवळीने कडा उपटली. टिचकू बाहेर पडला आणि ओरडत दरीत गेला. पडताना त्याचे पंख आपोआप उघडले, कारण आता त्यांच्यापुढे काही आडवे नव्हते. त्याच्यामागे दुसरा. मग तिसरी, जवळजवळ शुद्ध हरपलेली. तिला ढवळीने मानेला धरून ओढले आणि सोडून दिले.

पोवळी शेवटी आली. डोके आले, एक पंख आला आणि ती अडकली.

"शेपटी!" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मावशी, शेपटी निघत नाही!"

"राहू दे तिला! ओढ! तू ये!"

पोवळी ओढत होती. बेहड्याच्या बुंध्याशी आग लागली. ढवळीने नखे सोडली, पोवळीचा पंख चोचीच्या खुंटात धरला आणि आपला सगळा भार खाली टाकला. दोघी एकदम सुटल्या. पोवळीची शेपटीची पिसे छिद्रातच राहिली. दरीत पडताना तिचा उजवा पंख उघडला. डावा निम्मा उघडला. तेवढ्यावर ती गरगरत खाली आली आणि ओढ्यातल्या दगडांवर आपटली. जिवंत होती.

वणवा उंच गवताचा होता. आला तसा पुढे गेला. बेहडा मागून ओला असल्यामुळे जळला नाही.

राख थंड झाल्यावर रान परत आले. लिंपण भाजून विटेसारखे लाल आणि टणक झाले होते. त्यावरचे सगळे ठसे, अगदी घाईत उठलेलेसुद्धा, आता कायमचे झाले होते.

"वाचली!" टोपाजीरावांचा आवाज कापत होता. "लिंपणानं वाचवली!"

पक्षी एकमेकांच्या गळ्यात पडले. टोपाजीरावांनी स्वतः फट मोकळी केली, पहिल्यापेक्षा थोडी लहान. माणिकबाईंनी फळ आत सोडले. खट झाले नाही.

"भेदरलीत," त्या म्हणाल्या. "बोलू नका त्यांना काही."

दुसऱ्या दिवशीही झाले नाही. धुराने घसे बसले असतील असे कोणी म्हणाले. खट घशातून निघत नाही हे सगळ्यांना माहीत होते, पण तसे म्हणण्याची ती वेळ नव्हती. हळूहळू शांततेची सवय झाली आणि मग ती आवडू लागली. पोरे शहाणी झालीत. आता पंखांची तक्रार नाही, मुंग्यांची नाही. डोंगरापलीकडून पूर्वीपेक्षा जास्त पाहुणे येऊ लागले आणि लाल लिंपणासमोर बराच वेळ उभे राहू लागले.

पहिले काळे ढग डोंगराला टेकले तेव्हा ढवळी चौघांना घेऊन ओढ्याने वर आली. त्यांनी आधी राखलेल्या ढोल्या पाहिल्या. पहिल्या ढोलीचा झुबका टिचकूने ओढायच्या आत त्यांना हाकलले. दुसरीकडे जाऊ दिले नाही. जळल्या फांद्यांवर फळ नव्हते. फळ एकाच ठिकाणी येत होते. म्हणून ती पाचही जण देण्याच्या फांदीच्या टोकाला येऊन बसली. राखेने काळी, एकीला शेपूट नाही, एकीला चोचीचे टोक नाही.

"हे कोण टारगट?" तरुण नर म्हणाला.

"मायेच्या ढोलीतली पोरं आहेत," ढवळी म्हणाली. "तुमची."

फांदीवर हसू पसरले. "ती आत आहेत, बाई."

"माणिकआजी," पोवळी म्हणाली, "मी पोवळी."

माणिकबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. खाली लोंबणारा पंख, काजळलेला चेहरा. पिसे फुटल्यानंतरचा तो चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. पोवळीने मान पुढे केली, चोच उघडली आणि शिकवले होते तसे केले. खट. खट.

माणिकबाईंच्या मानेवरची पिसे उभी राहिली. एक क्षणभर त्या काही बोलणार असे वाटले.

"नक्कल करतात!" टोपाजीराव गरजले. "आमच्या लेकरांची नक्कल करून मागतात! एवढी धडधाकट झालात, पोरक्यांच्या तोंडचं खायला लाज नाही वाटत? उठा! उठा इथून!"

त्यांना उठवले. ढवळी सगळ्यांत शेवटी उठली. चौघांना घेऊन ती खाली दरीत उतरली आणि बेहड्याच्या पाठीमागे, राखेत, पंखांखाली घेता येईल तेवढे घेऊन बसली.

वर माणिकबाईंनी निवडून आणलेले फळ फटीतून आत सोडले. ते ढोलीच्या उतरत्या तळावरून घरंगळले, मागच्या छिद्रातून, पोवळीच्या पिसांना घासून बाहेर आले, खाली पडले आणि राखेत थांबले. टिचकूने ते पाहिले. वर पाहिले. मग उचलून गिळले, आणि सवयीने त्याची चोच वाजली. खट.

"ऐकलंत?" वरून माणिकबाईंचा आवाज आला. "अहो, ऐकलंत? आतून आलं! लेकरं बोलली!"

फांदीवरचे सगळे लिंपणाकडे वाकले. माणिकबाईंनी चोचभर ओली माती घेतली आणि दुसऱ्या खटची वाट पाहत थांबल्या.

खाली टिचकूने चोच पुन्हा उघडली. पोवळीने आपला वाकडा पंख त्याच्यावरून टाकला आणि त्याची चोच आपल्या चोचीत धरून मिटवली. तो आधी धडपडला, मग स्थिर झाला.

वर कोणी हलले नाही. सगळे कान देऊन होते. माणिकबाईंच्या चोचीतली माती हळूहळू वाळत गेली.